अकरा महिन्यांच्या करारात गॅसची नळीही येऊ द्या

बेळगावातल्या आमच्या अनगोळच्या गल्लीच्या ग्रुपवर सध्या पाइप गॅसवरून जुंपली आहे. रस्ते किती दिवस खणून ठेवणार, सिलिंडर परवडतो की पाइप, हे सगळं झालं. त्यातच एका भाडेकरू वहिनींनी लिहिलं की रात्री गॅसचा वास येत होता, मालकांना सांगितलं तर म्हणाले, "शेगडी तुमची, आम्ही काय करायचं ओ?" आणि ग्रुपवरच्या दोघा-तिघांनी मालकांचीच री ओढली. मला ते फार लागलं.

मी इंग्लंडमध्ये भाड्यानं राहतो. इथे 1998 च्या नियमांप्रमाणे घरमालकाला दरवर्षी नोंदणीकृत माणसाकडून गॅसची तपासणी करून घ्यावीच लागते आणि त्याचा कागद 28 दिवसांत भाडेकरूच्या हातात द्यावा लागतो. तो माणूस येतो, मीटरला दाबमापक लावतो, गॅस बंद करून दोन मिनिटं बघत राहतो. दाब उतरला, तर कुठेतरी गळती आहे. शेगडी भाडेकरूनं स्वतः आणलेली असली, तरी पाइपची जबाबदारी मालकाचीच.

हे लोक जन्मतः शहाणे होते असं नाही. 1968 च्या मे महिन्यात लंडनमधल्या रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत एका बाईंनी पहाटे चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. शेगडीच्या जोडणीतला पितळी नट कच्चा निघाला होता. इमारतीचा एक कोपराच्या कोपरा खाली आला, चार माणसं गेली.

आता आपल्याकडच्या भाड्याच्या खोल्या बघा. टिळकवाडीत, भाग्यनगरात कॉलेजची पोरं राहतात. खानापूर, चंदगडहून कामाला आलेली कुटुंबं राहतात. ओट्याखाली कधीची कोण जाणे, नळी. एखाद्या ठिकाणी उंदरानं कुरतडलेली. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांत ती बदलायची असते, पण वाकून बघतो कोण? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो. पाइपचा हलका, तो छताकडे जातो. आणि बेळगावच्या पावसात जुलै-ऑगस्टभर आपल्या खिडक्या बंद!

माझं म्हणणं एवढंच: करार तर आपण दर अकरा महिन्यांनी नवा करतोच. त्याच वेळी मालकानं स्वतःच्या खर्चानं नळी, रेग्युलेटर, पाइपची जोडणी तपासून घ्यावी आणि तो कागद कराराला जोडावा. कागद मराठीत आणि कन्नडमध्येही असावा, कारण भाडेकरू चंदगडचा असेल तसा गोकाकचाही असेल. त्यावर ठळक लिहावं: वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीही करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग फोन लावा. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906.

आमच्याही घराचा वरचा मजला भाड्यानं दिलेला आहे. दिवाळीनंतर करार संपतोय. तपासणीचा कागद जोडल्याशिवाय सही करू नकोस, असं मी धाकट्या भावाला कळवलंय.