‘सायकलला जोडलेले इंजिन’ नव्हे

एका जुन्या जर्मन दुचाकीचे छायाचित्र सध्या हातोहात पुढे पाठवले जात आहे. म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची 1894 ची ही गाडी जगातली पहिली मोटरसायकल आहे, साध्या सायकलला डायमलरचे इंजिन जोडून ती बनवली आणि बाजूचे रबरी पट्टे म्हणजे तिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, असा दावा त्यासोबत असतो. त्यातली गाडी आणि साल तेवढे खरे आहे.

डायमलर आणि मायबाख या जर्मन अभियंत्यांची लाकडी सांगाड्याची पेट्रोल दुचाकी 1885 मध्येच धावली होती. मूळ गाडी 1903 च्या आगीत जळाली असून संग्रहालयांत दिसतात त्या तिच्या प्रतिकृती आहेत. वाफेवरच्या दुचाकी तर त्याच्याही आधीच्या. म्युनिकच्या गाडीचा मान वेगळा आहे: एखादा नमुना करून न थांबता कारखान्यात विक्रीसाठी ओळीने तयार झालेली ही पहिली मोटरसायकल, आणि ‘मोटोरराड’ हे नावही तिच्याच पेटंटाने रूढ केले. आज तिच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत.

इंजिन डायमलरचे असल्याचा दावा तर आकड्यांपुढेच टिकत नाही. डायमलरच्या दुचाकीचे इंजिन एका सिलिंडरचे, 264 सीसीचे होते. इथे 90 मिलिमीटर व्यासाचे, 117 मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनच्या एका सरकेचे अंतर) दोन आडवे सिलिंडर आहेत, म्हणजे सुमारे 1489 सीसी, आणि तेही पाण्याने थंड होणारे. तापलेल्या नळीने इंधन पेटवण्याची पद्धत दोन्हींत सारखी आहे, एवढेच.

या रचनेचे मूळ शोधायचे तर आगगाडीच्या इंजिनाकडे पाहावे लागते. हिल्डेब्रांड बंधू वाफेच्या इंजिनांचे अभियंते होते आणि गाडीच्या मागच्या भागाकडे नजर टाकली की ते लगेच कळते. चाक फिरवायला चेन नाही, पट्टा नाही, क्लचही नाही. दोन्ही बाजूंचे लांब कनेक्टिंग रॉड थेट मागच्या चाकाच्या क्रँकना जोडलेले आहेत. चाकाचा एक फेरा म्हणजे इंजिनाचा एक फेरा, त्यामुळे गाडी थांबली की इंजिनही थांबणार आणि निघायचे तर ती ढकलत पळून वर उडी मारावी लागणार. खालच्या नळ्यांमध्ये सिलिंडर आडवे बसवलेला सांगाडा आणि पाण्याची टाकी म्हणून वापरलेला मागचा मडगार्ड पाहिल्यावर ‘साधी सायकल’ म्हणणे कठीण आहे.

रबरी पट्ट्यांचा उलगडा याच रचनेतून होतो. वेगळे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे फेरे एकसारखे ठेवणारे जड चाक, नसल्याने ते काम भरीव मागच्या चाकावर येऊन पडले. पण मिनिटाला 240 फेऱ्यांच्या संथ गतीत ते पुरेसे नव्हते. स्फोटाच्या जोराने पिस्टन बाहेर गेला की पट्टे ताणले जात आणि परतताना त्याला आत ओढत. धक्के झेलण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते काम हवेच्या टायरांकडे होते आणि उरलेले स्वाराच्या कमरेकडे.