एमपीथ्री सीडीने गाडीचा स्टीरिओ बिघडत नाही

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. मजकूर असा: ‘जुन्या गाडीच्या स्टीरिओत एमपीथ्री भरलेली सीडी घालू नका. घरी मारलेल्या सीडीने लेसर जळतो. खराब रस्त्यावर अशी सीडी जास्त अडकते. एमपीथ्रीचा आवाज मुळातच फुटका, आणि हा फॉरमॅट २०१७ लाच बंद झालाय. सीडी वाचली नाही की हेड (सीडी वाचणारा लेसर-लेन्सचा भाग) गेलं समजा आणि नवा टचस्क्रीन स्टीरिओ बसवून घ्या.’

हे वाचून जांबोटीच्या माझ्या मामांनी धडधाकट स्टीरिओ उपटून टाकायचं ठरवलं होतं. त्यांच्याकडे गावच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यांत आमच्या आजोबांचा आवाज आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

लेसर जळतो म्हणे. सीडी वाचणारा लेसर अगदी मंद असतो, सीडी लिहायला लागतो त्याच्या कित्येक पट मंद. त्याला समोरच्या सीडीत गाणी एमपीथ्रीत आहेत की साध्या ऑडिओत, हे कळतच नाही. तो फक्त परत येणारा प्रकाश मोजतो. लेसर झिजतो तो चाललेल्या तासांनी, आणि त्याच्या आधी बहुतेक वेळा लेन्सवर धूळ बसते. आमच्याकडची तांबडी माती काच बंद असली तरी आत शिरते. या मुद्द्यात खरं एवढंच की पुसून परत लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू प्रकाश फार कमी परत पाठवते, साधारण १५ ते २५ टक्के. एकदाच लिहायची सीडी-आर कंपनीच्या सीडीच्या जवळपास पाठवते. म्हणून बरेच जुने स्टीरिओ सीडी-आरडब्ल्यू ओळखतच नाहीत. त्यात लेसरचा काही बिघाड नाही. सीडी-आर आणायची, झालं.

खड्ड्यांचा मुद्दा तर पार उलटा आहे. ऑडिओ सीडीवर आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट या वेगाने यावा लागतो. प्लेयर साध्या एकपट वेगाने फिरत असेल तर वाचलेलं लगेच वाजवून संपतं, हाताशी शिल्लक काही राहत नाही. एमपीथ्री १२८ किलोबिटची असेल तर तिला सेकंदाला फक्त १६ किलोबाइट लागतात (आठ बिटांचा एक बाइट), आणि तोच प्लेयर एकपट वेगाने १५० किलोबाइट वाचू शकतो. म्हणजे लागतं त्याच्या नऊपट. उरलेल्या वेळात पुढचं गाणं मेमरीत साठवून ठेवता येतं. खड्ड्यात लेन्स हलली तरी ती परत जागेवर येईपर्यंत त्या साठ्यातून आवाज चालू राहतो. जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना पावसाळ्यानंतरचा रस्ता काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. तिथे मामांची कंपनीची ऑडिओ सीडी दोनदा अडकली, एमपीथ्रीची एकदाही नाही.

आवाज फुटका असतो, हे मात्र मी सरसकट खोडून काढणार नाही. कमी किलोबिटवर दाबलेल्या फायलीत सर्वांत आधी झांज बिघडते. तिची किणकिण पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येते. भजन ऐकणाऱ्याला ते लगेच टोचतं. पण तो दोष फाइल कशी केली त्याचा. १९२ किंवा २५६ ला केलेली फाइल चालत्या गाडीत, इंजिनाच्या घरघरीत, मूळ सीडीपासून वेगळी ओळखणं मला तरी जमत नाही. एक चूक मात्र सगळीकडे होते: १२८ ची फाइल घेऊन तिची ‘३२० केली’ म्हणून वाटतात. एकदा टाकून दिलेला आवाज त्याने परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

मोबदला काय मिळतो तेही बघा. ऑडिओ सीडीत ८० मिनिटं. त्याच ७०० एमबीच्या सीडीत १९२ ला आठ तासांहून जास्त. मोठा ख्याल, त्यामागून अभंग, असं सलग ऐकायचं असेल तर याला तोड नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, आपल्या सुळेभावीचा. त्यांच्या गाण्याची अख्खी मैफल एका सीडीत मावते. आणि चोर्ला घाटात मोबाइलची रेंज गेली तरी ती थांबत नाही.

२०१७ ला बंद काय झालं? एमपीथ्री विकसित करणाऱ्या जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने तिच्या पेटंटची परवाना योजना त्या वर्षी २३ एप्रिलला संपवली. पेटंटची मुदतच सरली होती. म्हणजे फॉरमॅट बंद नाही, मोकळा झाला.

आता हेड गेल्याचं. मामांनी मला फोन केला, “अरे, तीन सीड्या घातल्या, एक पण वाचत नाही बघ. हेडच गेलंय म्हणतात.” शहरातल्या एका दुकानाने तेच सांगून नव्या स्टीरिओचा भावही दिला होता. मी जाऊन त्या तिन्ही सीड्या घरच्या संगणकात घातल्या. पहिली सीडी नव्हतीच, डीव्हीडी होती. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० चा लागतो, सीडीच्या प्लेयरला ती दिसणारच नाही. दुसरीत कंपनीच्या सीडीवरून ओढलेल्या ‘सीडीए’ फायली होत्या, प्रत्येकी ४४ बाइटच्या. त्यांत गाणं नसतंच, गाणं कुठे आहे याची नुसती खूण असते. तिसरीत आजोबांचं भजन होतं, पण फोनवर रेकॉर्ड केलेलं, म्हणजे एमफोरए या वेगळ्या फॉरमॅटमधलं. मामांच्या स्टीरिओला एमपीथ्रीच समजतं. कुणीतरी फाइलचं नुसतं नाव बदलून शेवटी एमपीथ्री लावलं होतं, त्याने आतला मजकूर बदलत नाही.

रेकॉर्डिंग रीतसर एमपीथ्रीत बदललं, क्रम बिघडू नये म्हणून नावांपुढे ०१, ०२ असे आकडे घातले, नावं रोमन अक्षरांत ठेवली कारण बऱ्याच जुन्या स्टीरिओंच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, आणि लिहून झाल्यावर सीडी ‘फायनलाइज’ केली, म्हणजे लिहिणं पुरं करून ती बंद केली. हे राहिलं तर संगणकात चालणारी सीडी गाडीत चालत नाही. मामांच्या स्टीरिओने ती पहिल्या झटक्यात वाचली.

ज्या स्टीरिओवर एमपीथ्रीची खूणच नाही, त्यात हे चालणार नाही. तिथे ऑडिओ सीडीच मारावी लागते. वरून कागदी लेबल चिकटवू नका, उन्हात गाडी तापली की ते सुटून आत अडकतं आणि मग खरोखर दुरुस्ती निघते. नाव मार्करने लिहा. सीडी-आर डॅशबोर्डवर उन्हात टाकू नका, तिच्यातला रंग उन्हाने उडतो. आजोबांची मूळ रेकॉर्डिंग्ज आता माझ्या संगणकावर आणि एका वेगळ्या हार्डडिस्कवर आहेत. गाडीतली सीडी खराब झाली की मामांना दुसरी मारून देतो.