५०० फुटाच्या घराची घरपट्टी माफ? पुण्यात नाही हो!

कालपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, "५०० स्क्वेअर फुटापर्यंतच्या घरांना घरपट्टी माफ, बिल भरू नका". आमच्या खालच्या काकांनी तर चेकबुक काढलेलं परत कपाटात ठेवलं. तर खुलासा असा, की ही माफी खरी आहे पण ती मुंबईची. मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौ. फूट म्हणजे ४६.४५ चौ. मीटरपर्यंतच्या राहत्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला, आणि तोच जुना मेसेज कोणीतरी मुंबईचं नाव काढून पुढे ढकललाय (असले उद्योग करायला वेळ कुठून मिळतो देव जाणे).

पुणे महापालिकेत आहे ती ४० टक्के सवलत, ती पण स्वतः राहत असाल तरच, भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नाही. मधे ती बंद झाली होती, २०२३ मधे परत आली. आता ती आपोआप लागेल म्हणून बसू नका, बिल नीट बघा, सवलत लागलेली नसेल तर पीटी-३ फॉर्म भरून स्वतः राहत असल्याचा पुरावा, म्हणजे सोसायटीचं पत्र, मतदान कार्ड, गॅसचं कार्ड वगैरे, जोडून पेठ निरीक्षकाकडे (म्हणजे आपल्या भागाची घरपट्टी बघणारा महापालिकेचा माणूस) किंवा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची, पोच विसरू नका.

आणि मेसेजवर विश्वास ठेवून बिल थकवलंत तर महिन्याला २ टक्के दंड चढतो. काकांना सांगितलं, चेकबुक परत बाहेर आलंय.