इरिंगाला देता, मग आपल्या गावाला का नाही?

मागच्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावच्या चर्चचे पत्रे पार गंजलेत, पावसात पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या जागेवर, पाणी गळतं, आणि त्याने फेसबुकवर माझा टांझानियातला फोटो पाहिलेला. "ताई, आफ्रिकेतल्या लोकांना देता, आपली माणसं दिसत नाहीत का तुम्हाला?" दोन दिवस ते डोक्यातून जाईना. त्यात शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेमकी तीच जुनी पोस्ट फिरत होती, की चर्च म्हणजे डॉलर, आणि तांदळासाठी बाटलेली माणसं. ज्वारीच्या मुलखात कसला तांदूळ? आमच्या पणज्याला देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते आणि मिशनच्या शाळेत बाकावर बसवत होते, एवढं साधं कारण होतं ते. पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. वीस वर्षांपासून कुठेच बोललेले नाही.

भावाला फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहिते.

मी राहते ते अमेरिकेतलं मिनेसोटा, तिथल्या सेंट पॉल शहराच्या आसपासच्या लुथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चची माणसं, आणि टांझानियातला इरिंगा डायसिस, म्हणजे तिथला धर्मप्रांत, यांचं नातं 1980च्या दशकापासूनचं आहे. नाव 'बेगा क्वा बेगा', म्हणजे खांद्याला खांदा. इथल्या एकेका मंडळीला तिथलं एकेक खेड्यातलं पॅरिश, म्हणजे स्थानिक चर्च, जोडलेलं असतं. आम्ही मुलांच्या शिक्षणाला पैसे पाठवतो. 2016 पासून तिथल्या सरकारने फॉर्म फोरपर्यंतची, म्हणजे माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षापर्यंतची, फी काढली, पण हॉस्टेल, युनिफॉर्म, वह्या हे राहतंच. आणि दर रविवारी आम्ही त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करतो, ते आमचं घेऊन करतात. ते लोक इथे येतात, चर्चच्या बेसमेंटमध्ये आमच्याबरोबर हॉटडिश (मिनेसोटाचा ओव्हनमधला घरगुती पदार्थ) खातात, आम्ही तिकडे जातो. भावाला वाटतं हे दान आहे. दान असतं तर मला त्यात एवढा जीव लावावासा वाटला नसता.

मी गेले तेव्हा दार-एस-सलामहून दिवसभर गाडीत होतो, आणि वर चढल्यावर ती लाल माती. चर्चमध्ये एकामागून एक क्वायर, कुणाला घाई नाही. अर्पणात पैसे नसलेल्यांनी अंडी आणली होती, मका, एक जिवंत कोंबडी, आणि उपासनेनंतर बाहेर झाडाखाली त्याचा लिलाव. मी तिथे उभी राहून रडले, कारण आमच्याकडे कापणीच्या सणाला हेच व्हायचं, भोपळा आणि शेंगांची पाटी, आणि आजोबा मुद्दाम बोली वाढवायचे. माझ्याबरोबरचे मिनेसोटाचे लोक फोटो काढत होते. मी बोली लावली. तिथे चपातीला चपाती म्हणतात, चहाला चाय, पैशाला पेसा. मला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता नगरचं बघा. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले 1813 ला, नगरला ठाणं पडलं 1831 ला. शाळा दिल्या, दवाखाने दिले, मी ते नाकारणार नाही, माझी आई तिथेच शिकली. पण त्या मिशनरींना पाठवणाऱ्या बोर्डाचं ऑफिस बोस्टनला. आजोबांकडून मिशनच्या खूप गोष्टी ऐकल्या, पण बोस्टनच्या मंडळीने आमच्याकडे कधी प्रार्थना मागितली असं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक याच मिशनमध्ये होते, त्यांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही स्वतःची मंडळी काढली, ते उगाच नाही. घेणारा घेणाराच राहतो हे त्या माणसाला सहन होत नव्हतं. इरिंगात मला ते वेगळं वाटलं. त्यांचे पाळक (पास्टर) आमच्या मंडळीच्या आजारी माणसांची नावं वहीत लिहून नेतात.

आणि पत्र्यांचं म्हणशील तर भाऊ, ते आता मनात आलं आणि पाठवलं असं राहिलेलं नाही. परदेशातली देणगी घ्यायची तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, 2020 पासून दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच खातं लागतं, आणि नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेला ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाहीत. गावच्या मंडळीने हे कुठून करायचं? इरिंगाला पाठवणं सोपं आहे, तुला पाठवणं अवघड आहे, हे मी तुला फोनवर सांगितलं आणि तू गप्प बसलास.

पण ते पूर्ण खरं नव्हतं. कायद्यात भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाची स्वतःच्या कमाईतून बँकेने पाठवलेली देणगी परदेशी धरत नाहीत. मी पासपोर्ट बदलला 2016 ला. तेव्हापासून ज्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, ज्याच्या अंगणात वडिलांना ठेवलंय, त्या चर्चसाठी मी परदेशी आहे आणि माझा पैसा परदेशी पैसा आहे, ग्रुपवरची ती पोस्ट म्हणते तसाच. याचं मला फार लागतं. पण त्याआधीची तेरा वर्षं मला कुणी अडवलं नव्हतं. पगार चांगला होता, पत्रे तेव्हाही गळत होते, मी नाताळला फोन करायचे आणि पत्र्यांचा विषय निघाला की आईच्या गुडघ्याचं विचारायचे. गावाला पैसे दिले तर गाव मला विचारणार होतं, की परत कधी येतेस. इरिंगा तसं कधीच विचारत नाही.

मागच्या वर्षी तिथले पाळक आले होते, मार्च महिना, पार्किंग लॉटमध्ये बर्फाचे ढीग. चर्चमधल्या सूप सपरनंतर, म्हणजे सगळ्यांच्या साध्या रात्रीच्या जेवणानंतर, त्यांनी मला विचारलं, तुमची मूळची मंडळी कुठली. मी गावाचं नाव सांगितलं, त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं आणि स्वाहिलीच्या स्पेलिंगमध्ये लिहून घेतलं. ईस्टरनंतर त्यांचं पत्र आलं, त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेच्या यादीत आता आमच्या मंडळीच्या नावाखाली अजून एक नाव आहे. हे मी भावाला अजून सांगितलेलं नाही. रविवारी सांगेन, त्याची उपासना सुटली की.