मग करायचं तरी काय?

"हात लावायचा नाही, टाकून बोलायचं नाही, वर्गाबाहेर उभं करायचं नाही. मग करायचं तरी काय?" वर्गात एखादं पोर भडकलं की शिक्षक-खोलीत हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. सूर वैतागाचा असतो, ऐकणारे मान डोलावतात आणि पुन्हा वह्या तपासायला लागतात. माझ्या मते प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला उत्तरही आहे, पण ते आपल्याला कुणी करून दाखवलेलं नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) सतराव्या कलमानं मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी केली. १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू आहे. फार चांगलं झालं. छडीच्या आठवणीनं ज्यांना अजून गहिवरून येतं, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण कायदा काय करू नका एवढंच सांगणार. काय करा, हे प्रशिक्षणानं सांगायला हवं होतं. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. मानसशास्त्रात पावलोव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचा उंदीर असा सगळा प्राणिसंग्रह पाठ होतो. नववीतला मुलगा बाक ढकलून उभा राहिला आणि पंचावन्न पोरं बघतायत, तर पुढच्या दहा सेकंदांत आपण कुठे उभं राहायचं, हे मात्र त्यात येत नाही.

एक प्रसंग घ्या, कुठल्याही शाळेतला. मधल्या सुट्टीत कुणीतरी एकाला त्याच्या आडनावावरून किंवा वस्तीवरून डिवचलेलं असतं. बाईंना ते ठाऊक नसतं. सुट्टीनंतरचा तास गणिताचा.

"वही?"
"नाही आणली."
"मग उभा राहा."
"नाही राहणार."

इथून पुढे बहुतेक वेळा काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. बाईंचा आवाज चढतो, त्याचाही चढतो, मागून कुणीतरी "ओऽऽ" करतं, आणि वही राहते बाजूला. आता प्रश्न दोघांच्या इज्जतीचा होतो. चौदा वर्षांच्या पोराला मित्रांसमोर माघार घेता येत नाही, आणि खरं सांगायचं तर पंचेचाळिशीच्या बाईंनाही येत नाही.

अमेरिकेत ओरेगनमध्ये जेफ कोल्विन नावाच्या अभ्यासकानं अशा भडक्याचे सात टप्पे मांडले आहेत: शांत, ठिणगी, अस्वस्थता, चढ, कळस, उतार, सावरणं. यातली कामाची गोष्ट ही, की शिक्षकाला खरं काही करता येतं ते ठिणगी आणि अस्वस्थतेच्या वेळी. पाय हलतोय, पेन बाकावर आपटतंय, उत्तरं एका शब्दात येतायत, तेव्हा. कळसाला पोचलेल्या मुलाला उपदेश ऐकू येत नाही. अंगात अ‍ॅड्रेनॅलिन उसळलेलं असतं आणि विचार करणारा मेंदू मागे पडलेला असतो. त्या वेळी सगळ्यांना सुरक्षित ठेवणं एवढंच काम. आणि आपण सर्वांत जास्त चुकतो ते उतारावर. पोरगं जरा खाली येतंय असं दिसलं की लगेच, "आता सांग, का केलंस?" झालं, पुन्हा वर. तापलेलं शरीर निवायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तासिका ३५ मिनिटांची. म्हणजे त्याच तासात जाब विचारून, कबुली घेऊन, "सॉरी म्हण, सगळ्यांसमोर म्हण" करून प्रकरण मिटवायचा आपला हट्ट मुळातच चुकीचा आहे.

हे वर्गासमोर माफी मागायला लावणं बंद झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती माफी नसते, मुलाचा जाहीर पराभव असतो, आणि त्याची वसुली तो पुढच्या तासाला दुसऱ्या शिक्षकाकडून करतो.

मग त्या गणिताच्या तासाला काय करता येईल? समोरासमोर उभं न राहता थोडं बाजूला, तिरकं उभं राहायचं, हातभर अंतर ठेवून. आवाज त्याच्यापेक्षा खाली. बोलणं त्याच्यापुरतं: "वहीचं नंतर बघू. बसतोस, की पाणी पिऊन येतोस?" दोन्ही पर्याय आपल्याला चालणारे असतात, निवड त्याची. एवढं बोलून त्याच्याकडे पाठ फिरवायची (तो काय करतो हे बघत थांबलात, तर पुन्हा सामना सुरू) आणि वर्गाला सांगायचं, "सरावसंचातलं तिसरं उदाहरण, पाच मिनिटांत हवंय." पंचावन्न माना वहीत गेल्या की त्याचे प्रेक्षक गेले. प्रेक्षक नसले की नडायला मजा राहत नाही. आपण नेहमी त्या एका मुलाला हलवायला बघतो, तर हलवायचं असतं बाकीच्यांचं लक्ष.

वहीचं काय, असं विचाराल. वहीचं दुसऱ्या दिवशी, एकट्याशी, आणि ठरलेली शिक्षा असेल तर तीही. शांत करणं म्हणजे सोडून देणं नव्हे. यावर शिक्षक-खोलीत हमखास वाद होतो: "अशानं पोरं डोक्यावर बसतील." माझा अनुभव उलटा आहे. आरडाओरडा करून दिलेली शिक्षा पोरं विसरतात, आरडाओरडा लक्षात ठेवतात.

आता परदेशी सगळं इथे जसंच्या तसं चालेल असं नाही. तिकडे शांत बसायला वेगळी खोली असते, मदतीला माणूस असतो. इथे शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक, आठवीपर्यंत ३५ मागे एक. नववी-दहावीला तर त्या कायद्याचं छत्रही नाही. पुण्यात हडपसर-येरवड्याकडच्या भरलेल्या वर्गात शेवटचा बाक भिंतीला टेकलेला असतो, 'त्याला मोकळी जागा द्या' म्हणजे कुठे? पण आपल्याकडे व्हरांडा आहे, नळ आहे, ऑफिस आहे. "मामांकडून खडूचा डबा घेऊन ये बरं," असं सांगून तापलेल्या पोराला वर्गाबाहेर चालवून आणणाऱ्या बाई प्रत्येक जुन्या शाळेत होत्या. बाहेर काढलं असं नाही, कामाला पाठवलं. हे शहाणपण आपल्या शाळांमध्ये आधीपासून आहे. त्या निवृत्त झाल्या की तेही सोबत जातं, कारण कुणी ते लिहून घेतलं नाही.

पुण्याचं म्हणून आणखी एक. "उद्या पालकांना घेऊन ये" हे वाक्य आपल्याला साधं वाटतं. वडील मार्केट यार्डात हमाल, आई चार घरची धुणीभांडी करणारी; शाळेत यायचं म्हणजे खाडा, खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, आणि रात्री त्याचा हिशोब पोराच्या पाठीवर. पोराला हे आपल्याआधी माहीत असतं. म्हणून त्या वाक्यावर तो उसळतो, आणि आपण म्हणतो, बघा किती उद्धट. बाणेर-कोथरूडच्या फी भरणाऱ्या शाळांमधल्या मैत्रिणी वेगळंच सांगतात. तिथे बाकाखाली कुणाचा तरी मोबाइल चालू असतो आणि शाळा सुटायच्या आत व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर पोचतो. अशा वेळी मुलापेक्षा शिक्षिकेची छाती जास्त धडधडते.

त्या धडधडीबद्दल कोणतंच प्रशिक्षण बोलत नाही. लागोपाठ पाचवा तास, त्यातला एक बदली तास, सकाळी मतदार याद्यांचं काम, धायरीहून आलेली बस. अशा माणसाला "शांत राहा" असं सांगणं ही थट्टा आहे. शेजारच्या वर्गातल्या सरांना हाक मारून "दोन मिनिटं माझा वर्ग बघता का?" म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हटल्यावर "यांना वर्ग सांभाळता येत नाही" अशी कुजबुज व्हायला नको. ती कुजबुज थांबवणं मुख्याध्यापकांच्या हातात आहे. पर्यवेक्षकांना बोलावणं हा कमीपणा मानतात त्या शाळेत कितीही प्रशिक्षणं घ्या, शिक्षक एकटाच लढणार आणि ओरडणारच.

अर्थात काही गोष्टी एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातल्या नसतातच. कुणाच्या हातात कर्कटक असेल तर मध्ये पडायचं नाही. बाकीची मुलं बाहेर, मदतीला हाक. कुणी स्वतःला इजा करण्याचं बोललं तर ते समुपदेशकाकडे, त्याच दिवशी. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण, असं बंधनकारक केलं आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणात (२०२०) शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. म्हणजे तास आहेत, आदेश आहे.

पण त्या तासांत होतं काय? सुलभक (म्हणजे प्रशिक्षण देणारे) पीपीटी वाचतात, आपण लिंकवर हजेरी भरतो, चहा-बिस्किटं, ग्रुप फोटो. ऑनलाइन असेल तर व्हिडिओ एकीकडे चालू आणि भाजी एकीकडे. गणपतीत वाजवायला ढोल-ताशा पथकं दोन-दोन महिने नदीपात्रात सराव करतात. आणि भडकलेल्या पोरासमोर आवाज खाली ठेवणं आपण स्लाइड बघून शिकणार!

राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आपल्याच कुमठेकर रस्त्यावर आहे, त्यामुळे ही मागणी पुण्यातूनच जायला हवी: दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत (आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्यातल्या शिक्षकांची ही बैठक) अर्धा तास नुसता सराव. पीपीटी नाही. एकानं भडकलेला विद्यार्थी व्हायचं, एकानं शिक्षक, बाकीच्यांनी मागून "ओऽऽ" करायचं. शिक्षकाचा आवाज चढला की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. मैत्रिणींबरोबर एका रविवारी आम्ही घरी हे करून पाहिलं. पहिल्या फेरीत सगळ्याच ओरडल्या, नंतर हळूहळू जमायला लागलं. विद्यार्थी व्हायला मात्र प्रत्येकीला फार उत्साह होता. शाळेत ऐकलेली सगळी उलट उत्तरं बाहेर आली.

तुमच्या केंद्रात कुणाला करून बघायचं असेल तर कळवा. शनिवारी दुपारनंतर मी येऊ शकते. मागच्या बाकावरच्या मुलाचं काम मी बरं करते.