घोडबंदर रोडसाठी घोडा निवडताना

ठाण्यात राहून रोडबाईक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात पळवायची सायकल, घ्यायचं ठरलं ना? अभिनंदन. सर्वांत आधी, घरात ‘बाईक’ हा शब्द उच्चारू नका. आईला वाटेल पेट्रोलवाली, आणि वस्तू दारात आली की चौकशी सुरू होईल. ‘‘लाखाची सायकल, आणि हिला स्टँड नाही?’’ नाही. ‘‘कॅरिअर?’’ नाही. ‘‘मडगार्ड? घंटी?’’ तेही नाही. आणखी महागातली घेतलीत तर बऱ्याचदा पेडलसुद्धा नसतात, ती वेगळी घ्यावी लागतात. जे जे काढून टाकलं त्याचेच पैसे मोजायचे, हा या दुनियेचा नियम आईला समजावत बसू नका. तिने उभा जन्म गावदेवी मंडईत भाजी घेतली आहे. तिथे वर कोथिंबीर घालून देतात, काढून घेत नाहीत.

आता साईज. अभ्यासू मंडळी सांगतील की फ्रेम ५२, ५४, ५६ सेंटिमीटर अशा मापांत येते, नुसती उंची बघून चालत नाही, पाय किती लांब, धड किती लांब, हात कुठवर पोचतात हेही बघावं लागतं. ऐकून घ्या आणि सोडून द्या. दुकानात जी शिल्लक असेल तीच तुमची साईज. त्यातही ५८ वर सूट जास्त असते. ती का, हे विचारायचं नाही. हात पोचत नसतील तर ‘‘सर, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून देऊ’’, पाय पोचत नसतील तर ‘‘सीट खाली घेऊ’’. मान आणि मनगटं राहिली, त्यांचं पुढे फिजिओथेरपिस्ट बघेल. टेस्ट राईड मागून स्वतःचं हसं करून घेऊ नका. गोखले रोडवर संध्याकाळी सातला तुम्ही चालवणार तरी काय?

गिअरच्या बाबतीत मात्र तडजोड नको, कारण गिअर लोकांना दिसतात. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीची उतरंड, स्वस्तापासून महागापर्यंत, पाठ करून ठेवा: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. क्लॅरिसला मागे आठ दातेरी चकत्या, सोराला नऊ, टियाग्राला दहा. रविवारी पहाटे तीन हात नाक्यावर जमलेल्या घोळक्यात कुणीतरी तुमच्या मागच्या चाकाकडे बघत ‘‘अजून सोरावरच का?’’ असं विचारणार. ‘‘अजून भाड्याच्याच घरात का?’’ विचारताना जो सूर लागतो, तोच इथेही लागतो. तेव्हा हप्ता वाढवा. चकत्यांना दात किती हे मात्र बघू नका. पुढे ५० आणि ३४, मागे सर्वांत मोठी चकती ३४ दातांची, अशी जोडी असेल तर माणूस येऊरच्या डोंगराचा चढ बसल्या बसल्या चढून जातो, असं म्हणतात. त्यात कसली मर्दुमकी? पुढे ५३-३९ आणि मागे जेमतेम २५ घ्या, शर्यतवाल्यांसारखं. चढावर उतरावं लागलंच तर फोन आल्यासारखं करा. येऊरला पहाटे साडेपाचला बऱ्याच जणांना फोन येतात.

वजनाबद्दल थोडक्यात. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने शर्यतीच्या सायकलचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी नको असा नियम केला आहे. तुम्हाला तो लागू नाही. (हलकी सायकल घ्यायला मला तरी एकच खरं कारण सापडलं आहे: आमच्या सोसायटीच्या कमिटीने सायकलला लिफ्ट बंद केली आहे आणि मी चौथ्या मजल्यावर राहतो.)

टायर बारीकच हवेत. हल्ली शर्यतवालेसुद्धा २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर वापरायला लागले आहेत, पण त्यांना बिचाऱ्यांना युरोपातल्या रस्त्यांवर चालवायचं असतं. आपल्याला घोडबंदर रोड आहे. तिथे मेट्रोचे खांब, पेव्हर ब्लॉक आणि गटाराच्या जाळ्या असल्यामुळे २३ चं टायर कसं अलगद जाळीच्या फटीत बसतं. मग पंक्चर काढायला कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे जा. तो व्हॉल्वकडे बघेल, तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, ‘‘ह्यात हवा कुठून भरायची?’’ रोडबाईकला सहसा बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व असतो, त्याला त्याचा पंप बसत नाही. बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर खिशात ठेवला की काम होतं. पण लाखाच्या सायकलवर अशा किरकोळ वस्तूंचा विचार करणं शोभत नाही.

राहिलं दुकान. एसी असावा, भिंतीवर आल्प्स पर्वत असावा, कॉफी फुकट असावी. मेकॅनिक असलाच पाहिजे असं नाही. तो असतो, पण गणपतीला गावाला गेलेला असतो, शिमग्याला गेलेला असतो, मे महिन्यात आंब्याला गेलेला असतो. पहिली सर्व्हिसिंग मोफत असल्याची खरी मजा यातच आहे.

आणि दुसरं एक दुकान असतं, पाचपाखाडीच्या आतल्या गल्लीत. कधीकाळी तासाच्या भाड्याने सायकली देणाऱ्या काकांचं. तिथे खरेदीला नाही, पण एकदा जायचंच. काका तुम्हाला भिंतीला टेकवून उभं करतील, दोन पायांत पुस्तक धरायला लावून जांघेपर्यंतचं माप घेतील, स्वतःची सायकल चालवून बघायला देतील आणि ‘‘तुम्हाला ५४, आणि टायर २८ चेच घ्या’’ असं सांगतील. यात दीड तास जातो. चहा येतो. सगळं नीट लिहून घ्या, ‘‘घरी विचारून सांगतो’’ म्हणा आणि रिक्षात बसल्या बसल्या मोबाईलवरून मागवा. चार हजार स्वस्त पडते. ५४ संपली असेल, ५८ मिळेल.

खोकं आलं की हँडल, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), सगळं स्वतः जोडा. व्हिडिओ बघून जमतं. चालवताना वळणावर बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागेल. ती रेसिंग जॉमेट्री समजा. पुढचा ब्रेक फ्रेमच्या बाजूला, आत गेलेला दिसेल. वाऱ्यापासून लपवला असेल. महिनाभर असं चालवून झालं की हँडल जड लागतंय म्हणून काकांकडेच न्या.

काका चष्मा कपाळावर सरकवतील, सायकलभोवती एक फेरी मारतील. कुठून घेतली ते विचारणार नाहीत. ‘‘फोर्क उलटा बसलाय,’’ एवढंच म्हणतील, आणि स्टूल ओढून कामाला लागतील. वीस मिनिटांनी दीडशे रुपये सांगतील.

घासाघीस करा. शंभरला देतात.