मोठे पाइप टाकून बडोद्यातला पूर थांबेल का?

ऑगस्ट २०२४ च्या पुरापासून बडोद्यातल्या मराठी मंडळींमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: 'पाणी आणि गटारांसाठी केंद्राचे शेकडो कोटींचे अनुदान आले. त्यातून प्रत्येक रस्त्याखाली मोठे पाइप टाकले असते, तर घरात पाणी शिरलेच नसते. टाकले नाहीत, म्हणजे पैसा खाल्ला.' राग रास्त आहे. विश्वामित्री नदी तेव्हा ३७ फुटांच्या आसपास पोचली होती, धोक्याच्या खुणेच्या दहा फुटांहून अधिक वर. पण मजकुरातली तिन्ही विधाने तपासली, तर हा राग भलत्याच जागी खर्च होतो आहे असे दिसते.

'अनुदान आले.' अमृत २.० ही शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठीची केंद्राची योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यात एक लाखाखालच्या शहराला केंद्र प्रकल्पखर्चाचा निम्मा वाटा देते, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश आणि दहा लाखांवरच्या शहराला फक्त २५ टक्के. २०११ च्या जनगणनेत बडोद्याची लोकसंख्या १६ लाखांवर होती, म्हणून आपल्या वाट्याला चौथाई. उरलेले राज्याने आणि महापालिकेने घालायचे. केंद्राचा वाटाही २०, ४० आणि ४० टक्क्यांच्या तीन हप्त्यांत येतो. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. पंपांचे वीजबिल आणि रोजची देखभाल शहराच्या माथी. बाँडचा पैसा तर अनुदानच नव्हे. बडोदे महापालिकेने मार्च २०२२ मध्ये १०० कोटींचे बाँड काढले, ते कर्ज आहे आणि घरपट्टीसारख्या उत्पन्नातूनच फिटते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मजकुरात नाहीच. २०१५ च्या पहिल्या अमृत योजनेत पावसाळी गटारे हा स्वतंत्र भाग होता. अमृत २.० चा भर पाणीपुरवठा, सांडपाणी, तलावांचे पुनरुज्जीवन आणि बागा यांवर आहे. पावसाचे पाणी तिच्यात येते ते तलावाच्या वाटेने, म्हणजे ते तलावात नेणाऱ्या वाहिन्या म्हणून. अट अशी की त्या वाहिनीत सांडपाणी नसावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या दशलक्षी शहरांच्या निधीतही दोन तृतीयांश रक्कम पिण्याचे पाणी, स्वच्छता व घनकचऱ्यासाठी आणि उरलेली हवेच्या गुणवत्तेसाठी होती. शहरी पुरासाठी केंद्राचा वेगळा कार्यक्रम आहे. त्याच्या पहिल्या टप्प्यात सात महानगरे होती, गुजरातेतून एकटे अहमदाबाद. दुसऱ्या टप्प्यातल्या अकरा शहरांत इंदूर आणि भोपाळ आहेत. बडोदे दोन्ही याद्यांत नाही. नगरसेवकाला, आमदाराला आणि खासदाराला विचारायचे ते हेच: ज्या शहराची नदी दर काही वर्षांनी घरात शिरते, ते या यादीत का नाही?

'मोठे पाइप टाकले असते तर.' हा मुद्दा नीट मोजून पाहण्यासारखा आहे. १०० हेक्टरांची, बहुतेक काँक्रीट आणि डांबराने झाकलेली वस्ती घ्या. तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि ०.८ वाहगुणांक (म्हणजे पावसाचा ८० टक्के भाग वाहून जातो असे) धरला, तर सेकंदाला सुमारे ११ घनमीटर पाणी निघते. बडोद्याची जमीन सपाट असल्याने पाइपला हजारात एक एवढाच उतार धरू. त्या उतारावर १२०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीट पाइप तुडुंब भरून सेकंदाला सव्वा घनमीटर वाहतो. म्हणजे एका वस्तीसाठी असे नऊ पाइप शेजारी शेजारी. रस्त्याखाली पाण्याची, ड्रेनेजची, गॅसची लाइन आणि केबल असताना ते कुठे बसवणार?

समजा, बसवले. त्यांचे तोंड शेवटी भूखी, रूपारेल यांसारख्या काँसांत (पावसाळी नाल्यांत) किंवा थेट विश्वामित्रीत उघडणार. नदीची पातळी त्या तोंडाच्या वर गेली की पाणी उलटे फिरते, आणि जितका मोठा पाइप तितकी नदीला रस्त्यावर यायला मोठी वाट. यावर फ्लॅप व्हॉल्व, म्हणजे फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप लावतात, पण त्याच्या कडेत प्लास्टिक किंवा गाळ अडकला तर तो मिटत नाही, आणि मिटला तर आतला पाऊस आतच साचतो. मग पंप लागतो. सेकंदाला एक घनमीटर पाणी सहा मीटर उचलायला सुमारे ८५ किलोवॅटची मोटर हवी, आणि पुरात वीज बंद करतात म्हणून डिझेल जनरेटरही, तोही पुराच्या पातळीच्या वरच्या ओट्यावर.

त्याच वस्तीतून त्या एका तासात ४०,००० घनमीटर पाणी निघते. चार हेक्टरांच्या तलावात ते एक मीटर उंचीत मावते. तलाव पावसाळ्याआधी तेवढा रिकामा ठेवलेला हवा, आणि तो नदीच्या पुरातही भरता येतो. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: बडोद्याने पाइपांआधी तलाव आणि त्यांच्याकडे जाणारे काँस मोकळे करावेत. अमृतचा पैसाही याच कामाला बसतो.

इथे अडते ते सांडपाण्याने. काँसात घरांची ड्रेनेजची एक जोडणी असली तरी तो काँस तलावाला जोडता येत नाही, तलाव सडतो आणि निधीची अटही मोडते. तपासणी सोपी आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सात ते नऊच्या दरम्यान काँसाचे तोंड बघा. तेव्हा वाहते पाणी दिसले तर बहुधा सांडपाणीच आहे. मग वरच्या बाजूचा एकेक चेंबर उघडून रंग सोडायचा आणि तो कुठे निघतो ते पाहायचे.

उलट्या बाजूची चूक तर जवळजवळ घरोघरी आहे: गच्चीचे पन्हाळ ड्रेनेजच्या गल्ली ट्रॅपमध्ये (घराचे सांडपाणी ड्रेनेजला जाते त्या जाळीच्या खड्ड्यात) सोडलेले. पाच माणसांच्या घराचे सांडपाणी दिवसाला साडेपाचशे लिटरच्या आसपास असते. १०० चौरस मीटरची गच्ची त्याच पावसात तासाला ५,००० लिटर देते. १५० मिलिमीटरची ड्रेनेज लाइन १७० त एक उतारावर तासाला ४२,००० लिटर वाहते, म्हणजे अशा आठ गच्च्यांनी ती भरते आणि नवव्या घराच्या संडासातून पाणी वर येते. तेच मैलापाणी रस्त्यावर साचते. नळाला ठरावीक वेळच पाणी येत असल्याने बाकीचा दिवस पाइपात दाब नसतो, आणि सैल सांध्यांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्याची लाइन ड्रेनेजपासून तीन मीटर दूर ठेवायची असते, आणि जिथे दोन्ही लाइनी एकमेकींना ओलांडणे अटळ असेल तिथे ड्रेनेज किमान अर्धा मीटर खाली. पूर ओसरल्यावर नळाच्या शेवटच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरलेले क्लोरिन आहे का, हे आधी तपासावे. घराची जमिनीखालची टाकी बुडाली असेल तर उपसून, घासून, दर १,००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून काही तास ठेवावी. ते पाणी वापरू नये, ओतून द्यावे.

'पैसा खाल्ला.' खाल्ला असेलही. तो आरोप करायला कागद लागतात. माहितीच्या अधिकारात 'किती कोटी आले' एवढेच विचारले की एक आकडा मिळतो आणि विषय संपतो. त्याऐवजी आपल्या वॉर्डातल्या एका वाहिनीचे चार कागद मागा: प्रकल्प अहवालातला तिचा लांबीचा छेद (वाहिनीचा उतार दाखवणारा आराखडा), मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) पाने, त्रयस्थ तपासणीचा अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र. छेदात प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी असते. खासगी सर्व्हेयर लावून तीन-चार चेंबरांच्या तळाची पातळी मोजून घ्या. खालच्या चेंबरचा तळ वरच्यापेक्षा उंच निघाला, म्हणजे उतारच उलटा असला, तर बिल पास करणाऱ्याची सही मोजमाप पुस्तिकेत सापडेल.